खोडलेलं वाक्य

सांगलीतली काही मंडळी हौसेनं सगळ्यांना मोफत वापरता येणाऱ्या एका शब्दकोशाचं सॉफ्टवेअर सांभाळायची. कामाला नव्यानं येणाऱ्यांसाठीची माहितीपुस्तिका त्यांच्यातल्याच वृंदाच्या नवऱ्यानं, श्रीरंगनं, लिहिली होती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्याचं एक वाक्य असे, ‘अडलात तर विचारा, संकोच नको.’ श्रीरंग गेल्यावर पुस्तिका सुधारायचं ठरलं आणि प्रमुख देवस्थळी सरांनी ते काम स्वतःकडे घेतलं.

बैठकीत सरांनी नवी पुस्तिका पडद्यावर दाखवली. ते वाक्य कुठेच नव्हतं.

“मीच काढलं,” सर म्हणाले. “चांगल्या पुस्तिकेत प्रश्नाला जागाच उरत नाही. तरी विचारावं लागलं, तर तो वाचणाऱ्याचा आळस.”

नवऱ्याच्या आठवणीसाठी भांडते असं कुणी म्हणू नये, म्हणून वृंदा गप्प राहिली. सरांनी एकेक पान समजावून सांगितलं आणि शेवटी सवयीनं विचारलं, “कुणाला काही शंका?”

“एकच आहे,” वृंदा म्हणाली. “आम्ही सगळे इथले जुने. पुस्तिका वाचून आलोय, वर तुम्ही समजावूनही सांगितलीत. तरी ‘काही शंका?’ असं तुम्ही आम्हाला विचारलंतच. मग घरी एकट्यानं वाचणाऱ्या नवख्याला ते कोण विचारणार, सर?”

मागे कुणीतरी हसलं. सरांनी चष्मा पुसला आणि ते वाक्य पुन्हा टाइप केलं. मग जरा हळू आवाजात म्हणाले, “पण वृंदाताई, त्याखाली श्रीरंगचा फोन नंबर असायचा.”

“तोच राहू द्या. फोन अजून वाजतो,” वृंदा म्हणाली. “मी उचलते.”