इंजिन बदललेला ट्रॅक्टर

नांगरवाडीच्या जत्रेत जुन्या ट्रॅक्टरांची मिरवणूक निघायची. पुढं राहायचा मान कुणाचा, हे इनामदार ठरवणार, कारण मंडप त्यांचा आणि माईकही त्यांच्याच हातात.

गोजराबाई मगदूम वडिलांचा ट्रॅक्टर दणदणवत घेऊन आली. जुनं इंजिन जाम झालं, तेव्हा तिनं त्यात भंगारातल्या ट्रकचं इंजिन बसवून घेतलं होतं. इनामदारांनी बॉनेट उघडून नाक मुरडलं.

"इंजिन बदललं की ट्रॅक्टर संपला!" ते माईकवर गरजले. "हा ट्रॅक्टरच नव्हे. लावा मागं! मान माझ्या ट्रॅक्टरला. त्याचा नटसुद्धा बदललेला नाही."

खरंच होतं ते. म्हणूनच तो सुरू होत नव्हता आणि ट्रकवर चढवून आणला होता. त्याच ट्रकवर माईक आणि भोंगा चढवून मिरवणूक निघाली आणि ओढ्याच्या चिखलात तो ट्रक रुतून बसला. मागच्या दोन ट्रॅक्टरांनी ओढून पाहिलं, पण ट्रक तसूभर हलेना.

"ए बाई, आण तुझा इकडं!" इनामदार ओरडले.

"माझा काय आणू?"

"ट्रॅक्टर गं, ट्रॅक्टर!"

"मग तेवढं माईकवर सांगा की."

गाव खदखदून हसलं. इनामदारांनी दात आवळून माईकवर सांगितलं. गोजराबाईनं साखळी अडकवली, गिअर टाकला आणि एका दमात ट्रक बाहेर काढला.

"बास, सोड आता साखळी!"

गोजराबाई थांबलीच नाही. देवळाच्या वाटेला लागत तिनं मान वळवली. "राहू द्या, साहेब. ट्रॅक्टर पुढंच चालतो. ओझं मागनं येतं."