भरलेला तांब्या

रायाजीराव जहागीरदारांची छाती पाच वर्षं जळत होती आणि दर वेळी बोलणी खायची ती आचारीण गोदाक्कानं. बिचारीनं त्यांच्या पानातली मिरची कमी केली, चिंच बंद केली, तरी जळजळ हटेना. हल्ली तर घासही गळ्यात अडकायचा.

एके दुपारी सरकार भरल्या पंगतीत कडाडले, "ही बाई माझ्या अन्नात काहीतरी कालवते! आजच्या आज हिला हाकलून द्या!" आणि ढेकर देत, नेहमीसारखे, पानावरून उठले ते थेट बिछान्याकडे निघाले.

गोदाक्का मागोमाग गेली. हातात पाहुण्यांसाठी केलेल्या आमसुलाच्या साराचा काठोकाठ भरलेला तांब्या. सरकार लवंडणार तोच तिनं तो त्यांच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर आडवा केला. लालभडक सार गादीभर पसरलं.

"अक्कल आहे का तुला? भरलेला तांब्या कुणी आडवा करतं?"

"तुम्ही करता, सरकार. रोज दुपारी. गळ्यापर्यंत जेवता आणि लगेच आडवे होता. पोटातलं आंबट पोटाला सोसतं, गळ्याला नाही. तो पाच वर्षं पोळतोय. मला खुशाल हाकला, पण जेवल्यावर दोन-तीन तास बसून राहा आणि घास अडकतोय हे वैद्यबुवांना आजच सांगा."

दारात जमलेल्या पाहुण्यांदेखत सरकारांचा चेहरा साराहून लाल झाला. "तोंड आवर! आधी ही गादी बदल!"

"गादी आत्ता बदलते," गोदाक्का म्हणाली, "गळा कुठून आणू?"