आडवा बांबू

सोमवारची साधी सकाळ होती. एक राजा मोगऱ्याला पाणी घालत होता. तेवढ्यात पूलराखा भिवा बातमी घेऊन आला. नदीवरच्या लाकडी पुलाचा मधला खांब कुजला होता.

नदीच्या अलीकडे या राजाचे राज्य होते. कारभार मात्र लोकांनी निवडलेले प्रधान आणि मंत्री करत आणि राजा त्यावर मोहोर उठवी. पलीकडे राजाच नव्हता. सात गावांनी मिळून संघ केला होता. आपापले काम प्रत्येक गाव पाही. सगळ्यांचे काम सातांची सभा ठरवी. पूल दोघांचा. दोन्हीकडून हुकूम आला की भिवाने पुलाच्या दोन्ही तोंडांशी बांबू आडवा बांधायचा, असा करार होता.

“महाराज, पूल बंद करा,” भिवा म्हणाला. “माझी सारजा माहेरी गेलीय. शुक्रवारी याच पुलावरून येईल.”

“मीच हुकूम देऊ लागलो तर मंत्री कशाला, भिवा? गुरुवारी त्यांची बैठक आहे. कागद आला की लगेच मोहोर उठवतो.”

भिवा दोर धरून कडेकडेने पलीकडे गेला. तिथल्या गावप्रमुख अंबूताई शेंगा निवडत बसल्या होत्या.

“तुमच्या राजाला झारीच तेवढी धरता येते वाटतं!” त्या हसल्या. “आमच्याकडे एकाचं चालत नाही, भिवाभाऊ. पूल सातांचा. गुरुवारच्या सभेत पहिला विषय हाच घेते.”

सारजाचे माहेर तिथून दिवसभराच्या वाटेवर होते. तिला निरोप द्यावा, असे भिवाच्या मनात आले. पण शुक्रवारला अजून अवकाश होता. तो परतला आणि आपल्या टोकाला उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सावध करू लागला.

सारजा गुरुवारी दुपारीच आली. भावाची बैलगाडी नदीकाठापर्यंत येणार होती, म्हणून ती एक दिवस आधी निघाली होती. भिवाने तिला पलीकडच्या टोकाला पाहिले आणि दोन्ही हात जोरजोराने हलवले. तिला वाटले, तो बोलावतो आहे. ती भराभर चालू लागली.

त्याच वेळी अलीकडे मोहोर उठत होती आणि पलीकडे सातवा हात वर होत होता. दोन्ही हुकूम संध्याकाळी पोहोचले. तोवर पूल उरला नव्हता.

सारजाच्या दहाव्याला राजा आला, अंबूताईही आल्या.

“मला अधिकार नव्हता, भिवा,” राजा हळूच म्हणाला.

“हुकमाचा नव्हता, महाराज. बैठक आजच घ्या, असं बजावून सांगायचा होता. प्रधानांचं घर तुमच्या वाड्यासमोरच आहे.”

अंबूताईंनी मान खाली घातली.

“ताई, पूल सातांचा खरा. पण पुलाकडे येणारी वाट तुमच्या एकट्या गावाची होती.”

जमलेल्यांत कुजबुज झाली. कोणाची रीत वाईट, यावर दोन्ही काठांचे लोक वाद घालू लागले.

“रीती दोन्ही चांगल्या आहेत,” भिवा म्हणाला आणि अंगणाकडे पाहू लागला. “बांबू चार दिवस इथेच पडून होता. मीही हुकमाचीच वाट पाहिली.”



या गोष्टीचे तात्पर्य: सत्तेला मर्यादा घालणारी राज्यरीत चांगलीच, मग ती राजाची असो की गावांच्या संघाची; पण मर्यादेच्या आत जे आपल्या हातात उरते, ते ज्याचे त्याने वेळेवर करायचे असते. इथे ते तिघांकडूनही राहून गेले.