स्टेपनीचा पट्टा

“मग मी पुढं कधी उभं राहायचं, बुवा?”

अच्युतबुवा गाडीच्या डिकीत डोकावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी स्टेपनी बांध,” ते म्हणाले.

मोरेश्वरचं तोंड एवढंसं झालं. इतकी वर्षं बुवांच्या कीर्तनात तो झांज घेऊन मागं उभा राहत होता. अभंगाचं धृपद धरायचं, बुवांना दम लागला की सूर लांबवायचा, बाकी गप्प. बुवांचं सगळं निरूपण त्याला पाठ होतं. आख्यानं तर झोपेतून उठवलं तरी म्हणता आली असती. पण आज आख्यान कोणतं, हे पुढं उभा राहणारा ठरवतो. मागच्याला ते सगळ्या गावाबरोबर कळतं.

त्यात आवाज मोरेश्वरचाच जास्त गोड. असं गावोगावच्या लोकांनी त्याला सांगितलं होतं, आणि अशा गोष्टी माणूस सहसा विसरत नाही.

अशा माणसाला काय सांगायचं, तर स्टेपनी बांध!

गाडी म्हणजे बुवांची जुनी डुक्कर फियाट. नाव लोकांनी पाडलेलं, पण बुवांचा तिच्यावर फार जीव. डिकी इवलीशी. तळाला स्टेपनी आडवी ठेवायची आणि तिच्या मधल्या खोलगट जागेत डग्गा बसवायचा. चाक ही त्या डग्ग्याची प्रवासातली चुंबळच झाली होती म्हणा ना. चाक धरून ठेवणारा मूळचा बोल्ट कधीच झिजून गेला होता. आता एक चामडी पट्टा चाकाच्या भोकांतून ओवायचा आणि तळाच्या कडीला आवळायचा, अशी सोय होती.

डग्गा तांब्याचा. बुवांच्या गुरूंनी दिलेला. वाजवणारा गावोगावी मिळतो, तसा डग्गा मिळत नाही.

मोरेश्वरनं पट्टा ओवला, ओढला. शेवटचं भोक लागेना. एरवी तो गुडघा रोवून ते लावायचाच. आज मनात म्हणाला, खड्ड्यात जाऊ दे. अलीकडच्या भोकात पट्टा अडकवला, डग्गा ठेवला, डिकी दाणकन आपटली आणि धोतर बदलायला घरात निघून गेला.

परत आला तेव्हा बुवा मागच्या सीटवर पेटीशेजारी बसले होते. मांडीवर शाल.

चैत्राच्या उन्हात शाल! म्हातारा थकला, असं मोरेश्वरच्या मनात आलं. आणि खोटं कशाला सांगा, त्याला ते जरा बरंही वाटलं.

कुंभार्ली घाट लागला. घाटाखालच्या गावात रामाचा उत्सव होता, संध्याकाळी कीर्तन.

पहिल्याच वळणावर मागं धप्प झालं.

काय झालं ते मोरेश्वरला तत्काळ कळलं. चाक सरकलं होतं. म्हणजे डग्गाही हलला होता.

थांबावं... पण थांबून म्हणायचं काय? सकाळी पुढं उभं राहायला मागत होतो, आणि दुपारी साधं चाक बांधता आलं नाही? त्यानं दात आवळले आणि गाडी तशीच दामटली.

पुढच्या वळणावर पुन्हा धप्प. या वेळी जास्त जोरात.

त्यानं आरशात पाहिलं. बुवा खिडकीबाहेर बघत होते. शालीवर त्यांची बोटं कसलासा ठेका धरून नाचत होती. कान गेले की काय यांचे?

धप्प.

आता प्रत्येक धप्प मोरेश्वरच्या छातीत बसू लागला. डग्ग्याची कातडी पुडी फाटली असेल. नाहीतर तांब्याला पोचा आला असेल. घाटाखाली संध्याकाळपर्यंत कोण नीट करून देणार? चाक बांधता येत नाही म्हणून बुवा ओरडले असते तरी चाललं असतं. पण डग्गा...

वळणावर एक रुंद जागा आली. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

“बुवा... स्टेपनी मी नीट बांधली नव्हती.”

“हं.”

तो धावत मागं गेला. डिकी उघडली. चाक तिरकं होऊन एका कोपऱ्यात रुतलं होतं. मधली जागा रिकामी.

त्यानं जॅक उचलून पाहिला. गोणपाट उलटंपालटं केलं. डग्गा कुठंच नव्हता. तो धावत बुवांच्या खिडकीशी आला.

“बुवा! डग्गा... डग्गा नाही!”

बुवांनी मांडीवरची शाल बाजूला केली. डग्गा तिथं होता. बाळासारखा.

 मोरेश्वरच्या जिवात जीव आला. त्याला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळं त्याला काय करावं ते सुचेना. मग थोडा रागही आला.

“पट्टा सैल आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“तू आत गेलास तेव्हा ओढून पाहिला.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुला आवाज ऐकू येत नव्हता?”

“...येत होता.”

“कधीपासून?”

“पहिल्या वळणापासून.”

“मग मी वेगळं काय सांगणार होतो?”

 एक मालट्रक कण्हत कण्हत घाट चढून गेला. त्याची धूळ खाली बसली.

“आणि आत्ता का थांबलास?” बुवांनी विचारलं.

मोरेश्वरला दोन-तीन उत्तरं सुचली. सगळी शोभून दिसतील अशी. ती त्यानं गिळून टाकली.

“बुवा, तुम्ही पुढं हात पसरून उभे राहता. मागं वळून बघत नाही. ठेका येणारच, असं धरून शब्द सोडता...”

“बरं.”

“आज तुम्ही शब्द सोडला असता, आणि मागून काहीच आलं नसतं. ते डोळ्यांपुढं आलं. मग गाडी पुढं नेववेना.”

 बुवा डग्गा कडेवर घेऊन गाडीतून उतरले.

“बांध,” ते म्हणाले.

मोरेश्वरनं चाक जागेवर आणलं. पट्टा ओवला. गुडघा रोवला. कपाळावरचा घाम नाकावरून चाकावर टपकला. शेवटचं भोक लागलं. त्यानं दोन्ही हातांनी चाक हलवून पाहिलं. गाडी डुलली, चाक हललं नाही.

“एकदा ओढून बघा, बुवा.”

एरवी बुवा स्वतः ओढून पाहिल्याशिवाय गाडीत बसत नसत. आज त्यांनी पट्ट्याला हातसुद्धा लावला नाही. वाकून डग्गा चाकाच्या मधोमध ठेवला, वर शाल पांघरली आणि डिकी हळूच लावली.

या वेळी ते पुढं, मोरेश्वरच्या शेजारी येऊन बसले.

उरलेला घाट मोरेश्वर कान मागं ठेवून उतरला. वळणं आली, गेली. मागून काही आवाज आला नाही. त्याला इतकं हलकं वाटत होतं, की सकाळी आपण काहीतरी विचारलं होतं आणि त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही, हेसुद्धा त्याच्या लक्षात राहिलं नाही.

खाली झाडीत देवळाचं शिखर दिसू लागलं. बुवांनी घसा खाकरला.

“आख्यान कोणतं घेतोस ते आत्ताच सांगून ठेव, मोरेश्वर. झांज मी धरतो... पण माझा ताल हल्ली जरा कच्चा आहे.”