धुपाखालचं अंगण

"मग हे वाळलं कशानं?" रेवणबुवांनी विचारलं.

कोंडिबानं वर पाहिलं नाही. धुपाच्या त्या थोरल्या झाडाचा शेंडा उघडा पडला होता. जिथं भर दुपारी कधी कवडसा पोचला नव्हता, तिथं आज ऊन उतरलं होतं.

बुवा नर्मदेची परिक्रमा करून तीन पावसाळ्यांनी परतले होते. सह्याद्रीच्या सदाहरित रानात त्यांचा मठ होता. मठ कसला, एक खोली आणि पडवी. समोर हे झाड, आणि झाडाखाली बुवांच्या गुरूंची समाधी.

निघताना ते कोंडिबाला एवढंच म्हणाले होते, "झाडाला जप. आल्यावर तुला मंत्र देईन."

त्या मंत्रासाठी कोंडिबानं घरदार सोडलं होतं.

"माझी कसूर न्हाई, बुवा. वाळवी म्हणाल तर बुंध्याशी मुंगीसुद्धा दिसायची न्हाई. कुणाची तरी दृष्ट लागली असंल."

"दृष्ट?"

"व्हय. येणारी माणसं बघतच ऱ्हायची. एवढी निर्मळ जागा ठेवली होती."

ठेवली होतीच, त्यात खोटं काही नव्हतं. कोंडिबा माणदेशातला. तिकडे घराची पारख अंगणावरून करतात. इथं आला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला किळस आली होती. चार महिने कोसळता पाऊस, मग धुकं, मग दहिवर. पायाखाली सदा कुजका पाचोळा, आणि त्यात जळवा, किडे, अळंब्या. समाधीभोवती ही असली घाण!

बुवांची पाठ वळली आणि यानं खराटा हातात घेतला. रोज पहाटे झाडाखालची जमीन लख्ख करायची, पाचोळा पाटीत भरायचा आणि दरडीवरून खाली लोटून द्यायचा. इथली झाडं ओकीबोकी म्हणून होत नाहीत, पण पान गळायचं बारा महिने थांबत नाही. मग कोंडिबाही थांबला नाही. तापानं फणफणला तरी त्यानं एक दिवस चुकवला नाही. त्याला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

बुवा खाली वाकले. त्यांनी जमिनीवरून हात फिरवला. पावसानं माती धुऊन नेली होती. मुळं म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी वर आली होती.

"रान एवढं दाट आहे, कोंडिबा. खाली माती किती असेल?"

"असंल की पुरुषभर."

बुवांनी काठी टोचली. ती वीतभरही आत गेली नाही. जांभ्या दगडावर खट्कन वाजली.

कोंडिबा काठीकडे बघत राहिला.

"इथं बारा महिने पानं पडतात. मग रानात त्यांचे डोंगर का उभे राहिले नाहीत?"

कोंडिबाचं मन दुसरीकडेच होतं.

"बुवा, ते मंत्राचं..."

"आधी जेव."

बुवांनी स्वतः वाढायला घेतलं. हा मान कोंडिबाला कधी मिळाला नव्हता. केळीच्या पानावर वाफाळता भात, त्यावर कुळथाची पिठी. कोंडिबानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

डोळे उघडले तर पान कोरं. बुवांनी भात पुन्हा पातेल्यात सारला होता आणि ओल्या फडक्यानं ते पान पुसत होते.

म्हातारपणी असा विसर पडायचाच, असं त्याला वाटलं. बुवांनी पुन्हा वाढलं. त्यानं घास घ्यायला हात पुढे केला, तोच बुवांचा हात आला. पान पुन्हा कोरं.

"काही चुकलं का माझं, बुवा?"

"छे. बघ, किती निर्मळ दिसतंय."

तिसऱ्यांदाही तेच झालं. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. कोंडिबाचा तोल गेला.

"अहो, पण मी खाऊ काय?"

गुरूवर आवाज चढला हे त्याचं त्यालाच कळलं, आणि तो गोरामोरा झाला.

बुवांनी फडकं खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. त्यांची नजर फक्त अंगणाकडे वळली.

कोंडिबा उठला. समाधीच्या पलीकडे, जिथं त्याचा खराटा कधी पोचला नव्हता, तिथं जाऊन गुडघ्यावर बसला. ओल्या पाचोळ्याचा एक थर त्यानं उचलू पाहिला. तो सहजी सुटेना. खालून केसासारखी बारीक मुळं वर आली होती आणि कुजक्या पानांना बिलगून बसली होती. त्यानं बोटानं माग काढला. मुळं त्या धुपाचीच होती.

एका पानाची नुसती जाळी उरली होती. बाकीचं पान झाडानं परत घेतलं होतं.

रोज पहाटे उठून आपण काय लोटून देत होतो, ते त्याला दिसलं. त्याला रडू फुटलं.

"पाट्या भरभरून परत आणतो, बुवा! दरडीखालून..."

"ते आता तिथल्या झाडांच्या पोटात गेलं."

"मग हे जगंल?"

बुवा वाळक्या शेंड्याकडे बराच वेळ बघत राहिले. दरीतून धुकं वर चढत होतं.

कोंडिबा आत गेला आणि आपलं गाठोडं घेऊन आला. त्या उघड्या, गुळगुळीत जमिनीवर त्यानं बुवांच्या पायाशी अंग टाकलं.

"मी मारलं याला. मंत्र ऱ्हाऊ द्या. सेवा म्हणून मी हेच केलं. माझं तोंडसुद्धा बघू नका, घालवून द्या मला."

बुवांनी त्याला उठवलं नाही. पाय मात्र मागेही घेतले नाहीत.

"घालवून द्या, बुवा."

"या रानात," बुवा म्हणाले, "पडलेलं बाहेर टाकायचं नसतं."