आरशीचा डोळा

मागचं दाखवणारी आरशी एका जीपमध्ये नांदत होती, पण तिचं कधी कुणी खरं मानलंच नाही. तिला इवलासा डोळा होता. मागून झगझगीत उजेड आलेला दिसला की ती आपोआप काळवंडायची, म्हणून ड्रायव्हरचे डोळे दिपत नसत. मालकिणीनं हौसेनं नेमकी त्या डोळ्यावरच टिकली चिकटवली.

“माझा डोळा झाकलाय हो! अंधारात घाट उतरायचाय, जीव जातील सगळ्यांचे,” आरशी कळवळली.

“नटवली तरी रडतेय मेली,” भोंगा खेकसला.

घाटात मागून ट्रकनं मोठे दिवे मारले. आरशीला काळवंडता येईना. सगळा लखलखाट ड्रायव्हरच्या डोळ्यांत गेला आणि जीप कठड्यावर आदळली.

“कुणी आंधळं केलं त्याला?” चेपलेला भोंगा कण्हला.

सगळ्यांच्या आधी टिकली बोलली, “आरशीनं!”