पिळलेल्या लिंबाची दृष्ट

एका राज्यात लोक वाऱ्याला भीत. झुळूक आली की आया मुलांना आत ओढत आणि दारांना अडसर लावत. कारण त्या राज्यातली मुलं एकेक करून हलकी होत चालली होती. राजाचा लेक तर सोन्याच्या साखळीने पलंगाला बांधलेला होता. असं का होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या राज्यात शाल्मली राहत होती. राजाच्या लेखनिकाची बायको, शिकलेली. चार पोथ्या वाचलेल्या, आणि त्यांतल्या भीतीच्या गोष्टी तेवढ्या पाठ. तिची जुई तीन वर्षांची. एका दुपारी जुई फार किरकिरली, तशी शाल्मली दृष्ट काढायला लिंबू शोधू लागली. घरातल्या शेवटच्या लिंबाचं सरबत झालं होतं. उरली होती पिळलेली साल. ह्या घरात साल वाया जात नसे. संत्र्याची उटण्यात पडे, केळ्याची गुलाबाच्या आळ्यात. मग लिंबाच्या सालीने दृष्ट का निघू नये, असं तिला वाटलं. तिने ती जुईवरून उतरवली आणि तिवाट्यावर टाकून आली.

सकाळी जुईला उचललं, तर हातात कापसाची उशी यावी तसं झालं.

"आई, माझे पाय टेकत नाहीत," जुई म्हणाली.

शाल्मलीने पदराचं टोक लेकीच्या कमरेला बांधलं आणि तिवाटा गाठला. तिथे धूम्रकेश मांत्रिक बसला होता. त्याच्या डोक्यावर केसांऐवजी धूर होता.

"पोकळ लिंबू दिलंस," तो म्हणाला, "मी पोकळ मूल दिलं."

"चुकले, महाराज."

"चुकली कसली? काटकसर केलीस. सालीत फार गुण असतात म्हणे. मग सालींनीच माझी तीन कामं कर, मूल परत भरून देतो. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडताना मी वारा सोडणार आहे."

पहिलं काम घंगाळाचं. शंभर वर्षांच्या काजळीने तांबं कोळशासारखं झालं होतं. शाल्मली घंगाळासमोर बसली आणि रडू लागली. वरच्या उंबरावर एक म्हातारा धनेश पक्षी बसला होता.

"रडायचंच तर घंगाळात रडा, बाई," धनेश म्हणाला. "तेवढंच मीठ वाचेल."

तिने घरोघरी मागून आणलेल्या लिंबाच्या साली मिठात बुडवून दिवसभर घासलं. तांबं उजळलं. त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि त्यामागे खूप मुलांचे चेहरे दिसले. तिने वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धूम्रकेशाने एक पांढरं वस्त्र पुढे टाकलं. कुठलाही रंग ते गिळून टाकी आणि पुन्हा पांढरंफटक होई. जुई आता पदराच्या टोकाला पतंगासारखी तरंगत होती.

"डाळिंबाच्या साली उकळा," धनेश म्हणाला. "तुरटी घाला."

"तुरटी किती घालायची, ते पोथीत नाही."

"पोथी लिहिणाऱ्याने कधी कपडे रंगवलेत का? अंदाजाने घाला."

 तिने डोळे मिटून तुरटी टाकली. वस्त्र पिवळं झालं, आणि पिवळंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी धूम्रकेशाने तिला कोठारात नेलं. धनेशही मागोमाग उडत आला. छतापर्यंत सालींची रास होती, आणि राशीशेजारी एक विहीर.

"टाकलेलं ते माझं," तो म्हणाला. "यातली एक साल तुझ्या हाताने ह्या विहिरीत टाक. तुझी मुलगी मोकळी."

इतकं सोपं? शाल्मलीने धनेशाकडे पाहिलं. धनेशाने मान फिरवली.

बाहेर सूर्य टेकला होता. पदराला हिसका बसला. वारा जुईला दाराकडे ओढू लागला होता.

"आई, धर," जुई म्हणाली.

शाल्मलीने हाताला लागली ती साल उचलली. आंब्याची होती, वाळकी. तिने हात विहिरीवर नेला आणि तिथेच थांबली. साल कोमट होती. ताप आलेल्या पोराचं कपाळ लागतं तशी. तिने दुसरी उचलली. तीही कोमट. तिसरी तर धडधडत होती. घंगाळात दिसलेले चेहरे तिला आठवले; एकेका सालीत एकेका मुलाचा जीव अडकला होता.

"टाक," धूम्रकेश म्हणाला. "ज्याचं मूल त्याने सांभाळावं."

क्षणभर तिला तेच पटलं. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिची बोटं सैल झाली होती. खालून विहिरीचा गार श्वास आला, तशी ती मागे सरली.

"टाकलेलं ते तुमचं," ती म्हणाली.  "मग घरी नेलेलं?"

 धूम्रकेशाच्या डोक्यावरचा धूर खाली बसला.

शाल्मलीने जुईला दातांत पदर धरून ओढलं, छातीशी घट्ट आवळलं, आणि मोकळ्या हाताने साली ओच्यात भरायला लागली. आंब्याच्या, पेरूच्या, सीताफळाच्या. ओचा भरला, तरी रास संपेना. मग तिने सोबत आणलेलं ते पिवळं वस्त्र अंथरलं, धनेश चोचीने साली आणू लागला, आणि शेवटची साल गाठोड्यात पडली तेव्हा सूर्य बुडाला. टाकलेलं असं जगात काही उरलंच नाही. मांत्रिकाच्या जागी थोडा धूर होता, तोही विरला.

गाठोडं घेऊन तिने वेस ओलांडली. त्या क्षणी घराघरांत मुलं धप्पकन अंथरुणावर पडली आणि रडू लागली. राजवाड्यात साखळी सोडायला लोहार बोलावला गेला. दारांचे अडसर निघाले, वारा घरांतून खेळला.

आणि जुई जड झाली. तीन वर्षांचं मूल जितकं जड असावं तितकी, थोडी जास्तच. शाल्मलीचा खांदा भरून आला, कंबर धरली.

"मी चालते," जुई म्हणाली.

"नको," शाल्मली म्हणाली, आणि तिला कडेवर घेऊन घरापर्यंत चालत गेली.